लोखंड्या आणि घरची सुरी

आमच्या घरातली सुरी एकतीस वर्षं बोथट होती. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटायचं मी थट्टा करतेय, कारण आमचे हे धारवाले. खाली दुकान, वर घर. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, माळ्यांची छाटणीची हत्यारं, सगळं ह्यांच्या हाताखालून लखलखीत होऊन जायचं आणि वर मी टोमॅटो कापायच्या ऐवजी दाबत बसायचे. बोलले की ठरलेलं उत्तर यायचं, "आधी गिऱ्हाईक, मग घर." गिऱ्हाईक कधी संपलं नाही आणि घराचा नंबर कधी लागला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी रोज दोन वेळा चिरून भाजीत घातलाय.

मी काही गप्प बसणारी बाई नाही. बस स्टँडवर माइकसमोर बसून एकोणतीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्या. "आई निवृत्त झाली, आवाज नाही झाला," असं आमची लेक म्हणते. तर त्या आवाजात मी एकतीस वर्षं भांडले, आणि पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सवय झाली. बोथट सुरीला जोर लावायचा, बोटं पुढे दामटायची, आणि मनात ह्यांना दोन शब्द सुनवायचे.

मग दोन महिन्यांपूर्वी ह्यांनी दुकानच बंद केलं.

झालं असं की ह्यांच्या उजव्या अंगठ्याची जाणीव गेली. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दबली आहे, जाणीव परत येईल किंवा येणारही नाही. दुसऱ्या कुणाचा अंगठा गेला असता तर एवढं बिघडलं नसतं. पण धार लावताना पात्याच्या मागच्या अंगाला केसाहून बारीक असा लोखंडाचा काठ उठतो. हे त्याला मिशी म्हणतात. डोळ्याला ती दिसत नाही. ह्यांचा अंगठा ती चाचपायचा आणि ती उतरेपर्यंत पातं दगडावरून हलायचं नाही. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या कात्रीवर ही मिशी राहून गेली आणि त्यांच्या एका गिऱ्हाइकाचं रेशमी कापड मधोमध ओढलं गेलं. बाई भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उलट हसून म्हणाल्या, "होतं हो असं, वय झालं की."

त्या संध्याकाळी ह्यांनी दुकानातलं एकूण एक पातं ज्याचं त्याला नेऊन दिलं, शटर ओढलं आणि वर येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. ते बसले ते बसलेच. जेवायला उठायचे, झोपायला उठायचे. वर्तमानपत्र समोर धरायचे, पण पान उलटायचे नाहीत. बोलायचं म्हणजे हं आणि नको. ज्या माणसाशी मी एकतीस वर्षं कडाकडा भांडले तो माणूस भांडेनासा झाला, तेव्हा मला खरी भीती वाटली. मग त्यांनी एक दिवस सांगून टाकलं, की यंत्रांचा व्यापार करणाऱ्या एका माणसाला धारेचं चाक द्यायचं ठरलंय, येत्या शनिवारी सकाळी तो टेम्पो घेऊन येईल. मी म्हटलं, "मला विचारलंत?" ते म्हणाले, "हं."

आता गेमचं सांगते. लेक परगावी नर्स आहे. तिने नवा कन्सोल घेतला आणि जुना मला आणून जोडून दिला. "आई, तुला कुणाला तरी झोडपायची गरज आहे, बाबांना नको झोडपूस," म्हणाली. जुन्या काळातला गेम, किल्ले, घोडे, चिलखतं. माझी एक तलवारवाली आहे, लेकीची धनुष्यवाली. तिला सुट्टी असली की ती तिच्या खोलीतून आणि मी माझ्या खोलीतून, फोन स्पीकरवर टाकून, दोघी एकाच जंगलात हिंडतो. मला वाटलं होतं आठवड्यात कंटाळा येईल. कसला कंटाळा! पहिला लांडगा मारला तेव्हा मी एवढ्याने ओरडले की खालून जाणारा पोस्टमन वर बघायला लागला.

अडलं ते पुलावर. पुलावर एक चिलखतवाला उभा असतो, दोन माणसं उंच. त्याला ओलांडल्याशिवाय पुढचं राज्य उघडत नाही. मी त्याचं नाव लोखंड्या ठेवलं. लोखंड्याने मला सतरा वेळा मारलं. माझी तलवार त्याच्या अंगावर नुसती ठण्‌ठण् वाजायची. अठराव्यांदा चारी मुंड्या चीत झाले तेव्हा फोनवरून लेक म्हणाली, "आई, तू हत्याराला काही लावतेस की नाही?"

"काय लावायचं? हळद?"

"अगं, धार! ओढ्यातून दगड गोळा कर, झाडाचा डिंक घे, आणि स्वतः धार चढव. तेलं आहेत, लेप आहेत, पण लोखंड्याचं चिलखत फक्त उत्तम धारेने फाटतं. तशीच तलवार नेतेस होय तू?"

एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय. तलवार बोथट असू शकते आणि तिला धार लावता येते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिने शिकवलं. दगड निवडायचा, बटण दाबून धरायचं आणि कंट्रोलरवरची छोटी दांडी उजव्या अंगठ्याने गोल फिरवायची. पडद्यावर तलवार दगडावर घासली जाते, खरखर आवाज येतो. बरोबर क्षणी ती दांडी अंगठ्याखाली किंचित थरथरते आणि तेव्हा बटण सोडायचं. आधी सोडलं तर साधी धार, वेळेवर सोडलं तर चांगली, अगदी नेमकं सोडलं तर उत्तम. फार उशीर झाला तर दगडच फुटतो. धार चाळीस घाव टिकते, मग पुन्हा लावायची. मी दिवसभर ओढ्यातले दगड वेचले आणि संध्याकाळपर्यंत सगळे फोडले. उत्तम एकदाही नाही. लेक तर चार वर्षं खेळतेय, तिलाही दहात एखादी जमते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी पुन्हा दांडी फिरवत बसले होते. खरखर, खरखर, फट्. खरखर, फट्. तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"उलटं फिरवतेयस."

मी वळलेसुद्धा नाही. रानातलं पाखरू अंगणात उतरलं की जसं हलायचं नसतं तसं. म्हटलं, "काय?"

"पातं दगडावर नेताना धार पुढे ठेवायची. तू मागे ओढतेयस. आणि पाणी कुठाय? कोरड्या दगडावर कोण घासतं? कुणी शिकवलं ह्या गेमवाल्यांना?"

दोन महिन्यांत एवढी वाक्यं! मी आतून नाचत होते, पण तोंड वाकडं करून म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकू नका. येत असेल तर या इकडे."

आले. खरंच आले. खुर्ची ओढून बाजूला बसले, कंट्रोलर हातात घेतला. मी सांगितलं, दांडी थरथरली की सोडा. खरखर सुरू झाली. ह्यांनी डोळे बारीक केले, ओठ आवळले, कामावर असताना करतात अगदी तसं तोंड केलं. आणि फट्. दगड फुटला. दुसरा घेतला. फट्. तिसराही. उजवा अंगठा दांडीवर होता आणि त्या अंगठ्याला थरथर कळतच नव्हती.

"इथंही," ते म्हणाले. कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. बरा होत आलेला माणूस मी माझ्या हाताने परत खुर्चीत बसवला होता. त्या रात्री मी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि त्यांनी न बोलता खाल्ली.

बुधवारी मी गेम लावला तो नुसता रागाने. हे स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होते, पडद्याकडे पाठ, मध्ये भिंत. मी दांडी फिरवायला लागले. खरखर, खरखर, आणि आतून ह्यांची आरोळी, "थांब!"

मी दचकले आणि बटण सुटलं. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. उत्तम.

मला वाटलं योगायोग. पुन्हा दगड घेतला. खरखर, खरखर. "थांब म्हणतो ना!" उत्तम. तिसरा. "हं, बास." उत्तम. दांडी अजून थरथरलीही नव्हती. ती थरथरते त्याच्या एक पापणी आधी हे बोलत होते.

मग मी लबाडी केली. टीव्हीचा आवाज बंद केला आणि दगड फिरवला. आतून फक्त वाटाणे भांड्यात पडल्याचा आवाज. दगड फुटला. आवाज पुन्हा चालू केला. "थांब!" उत्तम. असं मी अकरा दगडांवर करून पाहिलं. आवाज असला की दर वेळी सोनं, नसला की माती. मी पळत स्वयंपाकघरात गेले.

"अहो, तुम्हाला कसं कळतं?"

"काय कसं कळतं?"

"थांब कधी म्हणायचं ते!"

ते वैतागले. "त्यात काय कळायचंय? मिशी असते तोवर दगड खरखरतो. उतरली की आवाज बारीक होतो, सुळ्ळ असा. आणि तू पुढेच घासत राहतेस. ऐकवत नाही मला ते." मग वाटाण्याची एक शेंग टीव्हीच्या दिशेने रोखली. "ज्याने कुणी हा आवाज भरलाय ना, त्याने खरं पातं खऱ्या दगडावर घासून भरलाय. त्या डब्यात एक धारवाला आहे."

"मग हेच!" मी ओरडले. माझा आवाज बस स्टँडवर पोहोचला असेल. "अंगठा गेला तर गेला, कान आहेत ना तुमचे! चाळीस वर्षं अंगठ्याने नाही, कानाने थांबत होतात तुम्ही!"

मला वाटलं आता उठतील. पण मान हलवून म्हणाले, "गेम आहे तो. तिथे कुणाचं रेशीम फाटत नाही." आणि वाटाणे सोलायला लागले.

म्हणजे गाडी फलाटावर लागली, पण प्रवासी चढेना. शनिवार तीन दिवसांवर होता. मी लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिची शुक्रवारी सुट्टी होती. ती म्हणाली, "आई, शुक्रवारी दुपारी लोखंड्याला घेऊ. आणि धारेला बाबांना बसव. फोडू देत काय फुटायचं ते."

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी फोन स्पीकरवर ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "मी आज लोखंड्याला मारणार आहे. धार फक्त चाळीस घाव टिकते. लढता लढता ओढ्याकाठच्या खडकाआड बसून पुन्हा लावावी लागणार. मला ते जमत नाही. तुम्ही नाही बसलात तर तो मला विसाव्यांदा मारेल आणि ते पाप तुमच्या डोक्यावर."

"अठराव्यांदा म्हणालीस परवा."

"काल साध्या धारेने आणखी एकदा गेले. बसता का?"

बसले. खिडकीजवळच्याच खुर्चीत, पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून. मग एक डोळा उघडून म्हणाले, "पंखा बंद कर. आवाज मध्ये येतो."

फोनमधून लेक कुजबुजली, "बाबा खेळतायत?"

"बाबा खेळत नाहीत," ह्यांनी उत्तर दिलं, "बाबा कामावर आहेत. बोलू नकोस."

लढाई सुरू झाली. पहिल्या धारेने चाळीस घाव घातले. आयुष्यात पहिल्यांदा लोखंड्याचं चिलखत फाटताना पाहिलं, आणि मला एवढा आनंद झाला की मी चाळीस मोजायचे विसरून बेचाळीस मारले. शेवटचे दोन ठण्‌ठण् वाजले. "बोथट झाली, दिसत नाही का तुला?" डोळे मिटलेला माणूस मला विचारत होता. मी खडकाआड पळाले. लेक बाण मारून लोखंड्याला तिकडे खेळवत होती आणि "आई लवकर, आई लवकर" करत होती. खरखर, खरखर. हे जिवाचा कान करून ऐकत होते. खोलीत आम्ही तिघं श्वास धरून होतो, तिसरी तर दोनशे कोसांवर.

"थांब!"

उत्तम. मी बाहेर धावले. पुन्हा चाळीस. पुन्हा खडक. पुन्हा थांब. तिसऱ्या खेपेला लोखंड्याने खडकच फोडला, माझी तलवारवाली उडून ओढ्यात पडली, लेकीचे बाण संपले आणि ती किंचाळायला लागली. ओढ्याचं पाणी धो धो वाजत होतं, लोखंड्या गर्जत होता, त्या गदारोळात दगडाचा आवाज मला मुळीच ऐकू येईना. मी म्हटलं संपलं. दांडी फिरवत राहिले कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मान कलती. "नाही. नाही. अजून आहे मिशी. अजून आहे." मग अगदी हळू, "आता."

सोनेरी अक्षरं आली. नऊ घावांत लोखंड्या गुडघ्यांवर आला, दहाव्याला पुलावरून खाली गेला. पुढचं राज्य उघडलं, शिंगं वाजायला लागली. लेक फोनमध्ये रडत की हसत होती ते कळेना. मी कंट्रोलर गादीवर फेकला आणि ह्यांना मिठीच मारली, पंचवीस वर्षांत मारली नव्हती तशी. आणि हे हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तू बेचाळीस मारलेस," असं म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मी तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, पुढचं राज्य खड्ड्यात जाऊ दे, मला हे मिळालं.

मग हसू ओसरलं. हे उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून खाली गेले. शटर वर गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने चाक फिरू लागलं. मला वाटलं, उद्या टेम्पो येणार म्हणून शेवटचं पुसून, फिरवून बघतायत. खाली जावं का, असं दोनदा वाटलं, पण काही गोष्टी माणसाला एकट्याला करू द्याव्यात. मी दिवा लावला आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले. दिवेलागणीनंतर हे वर आले, हात धुतले, जेवले आणि झोपले.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी स्वयंपाकघरात टोमॅटो घेतला. फळीवर ठेवला. सुरी घेतली, नेहमीसारखी बोटं पुढे दामटली आणि एकतीस वर्षांचा जोर लावून दाबली.

टोमॅटो दुभंगला, सुरी खाली फळीत रुतली आणि वाटेत माझ्या डाव्या हाताच्या बोटालाही भेटून गेली.

मी किंकाळी फोडली. हे न्हाणीघरातून तोंडाला साबण लावलेले तसेच धावत आले. रक्त पाहिलं आणि पांढरेफटक पडले. "काय केलंस! अगं काय केलंस!"

"काय केलंत तुम्ही!" मी म्हटलं. "कधी केलंत?"

"काल." चोरी पकडली गेल्यासारखे उभे होते. "दुकानात एकही पातं नव्हतं ना. सगळी परत दिलेली. बघायला तर काहीतरी हवं. म्हणून ही नेली." मग घाईघाईने, "तुला सकाळी सांगणार होतो, जपून म्हणून. न्हाणीघरातून आलो की."

म्हणजे गिऱ्हाईक संपलं होतं आणि घराचा नंबर लागला होता.

त्यांनी माझं बोट नळाखाली धरलं, चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि जखम उजेडात नेऊन निरखून पाहिली. मला वाटलं, किती खोल आहे ते बघतायत. पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, साबणाच्या फेसात सगळीकडे हसू पसरलं.

"सरळ आहे," ते म्हणाले. "बघ ना. एका रेषेत. कुठे ओढलेलं नाही, फाटलेलं नाही. मिशी नाही गं!"

"माझं बोट कापलंय आणि हा माणूस धार बघतोय!" मी ओरडले. पण मीही हसत होते, रक्त टपकत होतं आणि आम्ही दोघं वेड्यासारखे नळाशी उभे होतो. बोटाला पट्टी बांधताना ते म्हणाले, शिंपीणबाईंकडे आजच जातो, कात्री मागून आणतो, आधी जुन्या चिंधीवर चालवून दाखवीन आणि मग रेशमावर.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. टेम्पो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अजून मनात कुठेतरी धाकधूक होती, दिसत होतं मला. मी पट्टीचं बोट वर धरून खिडकीशी गेले, छाती भरून श्वास घेतला आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा कामाचा आवाज लावला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! नऊ वाजून वीस मिनिटांनी धारेचं चाक घेऊन जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे!"

टेम्पोवाला वर बघत राहिला. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. माझ्या मागून हे, साबणाच्या तोंडाने, खिडकीतून वाकून ओरडले, "आलाच आहात तर थांबा! गाडीत काही बोथट असेल तर द्या!"